बारदान्यावरचे शंभर दाणे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, रात्र

घरचं सोयाबीन पेरायचं असलं की कास्तकार आधी शंभर दाणे मोजतो. ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या रांगा मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, रोज पाणी शिंपडतो आणि सातव्या दिवशी उघडून कोंब मोजतो. सत्तर किंवा जास्त निघाले तर ठीक. कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी निघाले तर ते पेरायचंच नाही. एका पोत्यासाठी एवढी खात्री करणाऱ्या घरात मोबाइलवरचा 'आयुष्य बदला' छाप सल्ला मात्र न तपासता पोराच्या डोक्यात पेरला जातो, याचं फार वाईट वाटतं. हा सल्ला कुणाच्या वावरात उगवला, कोणत्या हंगामात, ओलिताच्या की कोरडवाहू, हे विचारायलाच पाहिजे.

'एकवीस दिवसांत सवय लागते' हेच घ्या. १९६० साली एका अमेरिकी प्लास्टिक सर्जननं लिहिलं होतं की चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आरशातलं नवं रूप आपलं वाटायला किमान एकवीस दिवस लागतात. पुढे तो 'किमान' गळला, चेहराही गळला, आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयी १२ आठवडे नोंदवल्या. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, आणि माणसागणिक हिशेब १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला (बारा आठवड्यांपुढचे आकडे हे नोंदींवरून काढलेला अंदाज). मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आहे. म्हणजे बाविसाव्या दिवशी 'आपल्यात दमच नाही' म्हणून सोडून देणारा पोरगा चुकीच्या मापानं स्वतःला मोजत असतो.

पहाटे चार-पाचला उठण्याच्या सल्ल्याचंही तसंच. शेतीची थ्री-फेज लाइन काही दिवस रात्रीच येते. हरभऱ्याला पाणी देऊन रात्री दोनला घरी आलेल्या माणसानं पाचला उठायचं म्हणजे झोप तीन तास. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका तर कुणी न सांगताच चारला उठतात, त्यांच्या रोजीत त्यानं काय फरक पडला?

आरशासमोर उभं राहून स्वतःबद्दल चांगली वाक्यं म्हणायची पद्धत निरुपद्रवी वाटते. कॅनडातल्या संशोधकांनी २००९ मध्ये ती तपासली. 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' असं वाक्य मनात म्हणायला लावल्यावर आधीच आत्मविश्वास असलेल्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. औषध नेमकं ज्याला हवं त्यालाच बाधलं.

पण सगळ्यात जास्त खटकतं ते दोषाचं ओझं. 'गरिबी विचारात असते' असं मंचावरून सांगितलं जातं. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास आला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी, हात तंग असताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर डोकं चालवायची कोडी दिली. तोडणीआधी ते कमी पडले, नंतर सुधारले. माणसं तीच, बदलला फक्त खिसा. आपल्याकडे हा तंगीचा काळ मृगापासून पहिल्या वेचणीपर्यंत चालतो: बियाणं, खत, निंदणाची मजुरी, उधारी. जानेवारीत विकलेल्या मालाचा चुकारा हातात असताना केलेला संकल्प ऑगस्टमध्ये मोडला तर त्यात स्वभावापेक्षा हंगामाचा वाटा मोठा असू शकतो. म्हणून मोठे निर्णय, शाळेची फी आणि औषधपाण्याची तजवीक उलंगवाडीच्या, म्हणजे कापसाच्या शेवटच्या वेचणीच्या, आसपास उरकावी. जुलैच्या मनावर तो भार ठेवू नये.

आपल्या विदर्भातले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेत, दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात दारू, कर्ज, अंधश्रद्धेवर बोलत. माणूस सुधारायचा तर त्याची गल्लीही सुधारावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं.

'आयुष्य बदला' छाप शिबिरांचा पहिला दिवस बऱ्याचदा फुकट असतो आणि 'पुढच्या पायरी'चे पैसे नंतर मागतात. मंचावर यशस्वी झालेलेच उभे केले जातात, मधेच सोडून गेलेल्यांना कुणी बोलावत नाही. रस्त्याकडेचा ओलिताचा प्लॉट पाहून कोरडवाहू वावराचा उतारा ठरवत नाहीत, तसंच हे. पैसे परत मिळण्याची अट कागदावर मागावी, आणि एक रात्र मधे जाऊ द्यावी.

सगळंच टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. 'अमुक झालं की तमुक करायचं' ही रीत जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी नीट तपासलेली आहे आणि ती टिकते. फक्त खूण बाराही महिने राहणारी निवडावी. 'दुपारच्या जेवणानंतर' ही खूण निंदण-डवरणीत मोडते, कारण जेवण कधी धुऱ्यावर एकला, कधी तीनला. वावरातून आल्यावर पायांवर पाणी घेणं मात्र चुकत नाही. पाय धुतले की वही काढायची, दिवसाचा खर्च एका ओळीत लिहायचा. एका वेळी एकच सवय लावावी.

आणि दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर तो आळस समजू नये. तिथे व्हिडिओ दाखवण्यात वेळ घालवू नये, डॉक्टरकडे न्यावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो कॅलेंडरवर, कृषी केंद्राच्या नंबरशेजारी लिहून ठेवावा.