टार्डेबिगच्या लॉकमधली पांढरी रेघ

“दोरी धर, पण बांधू नकोस!”

आज इंग्लंडमधल्या टार्डेबिगला, कालव्याच्या एका लॉकमध्ये, सुकाणूवरच्या बाई काठावरच्या मुलावर ओरडल्या. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. त्याने खुंट्याला पक्की गाठ मारली होती. लॉकमधलं पाणी उतरतं तशी बोटही उतरते, बांधलेली दोरी मात्र ताणली जाते आणि बोट लटकते. खुंट्याभोवती एक वेढा घेऊन दोरी सोडत जायची, इतकंच.

पण मला जास्त काळजी वाटली ती बोटीच्या मागच्या टोकाची. वरच्या दाराच्या पायाशी एक दगडी उंबरा लॉकमध्ये पुढे आलेला असतो. लॉक भरलेलं असताना तो दिसतच नाही. पाणी उतरताना मागचा भाग त्यावर टेकला, की पुढचा खाली जात राहतो आणि बोट काही मिनिटांत बुडू शकते. म्हणूनच काठावर पांढरी रेघ असते. सुकाणूसकट अख्खी बोट तिच्या पुढे हवी, लॉक रिकामं होईपर्यंत.

अडकलीच तर आधी खालची पॅडल (पाणी सोडायच्या झडपा) लगेच बंद करायची, मग वरची हळूहळू उघडून पाणी पुन्हा भरायचं. हा क्रम चुकवून चालत नाही.

वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्याच्या या टप्प्यात ३० लॉक आहेत, सव्वादोन मैलांत २२० फूट चढउतार. विसाव्या-पंचविसाव्या लॉकपर्यंत हात सरावतात, गप्पा रंगतात, आणि रेघेकडे बघायचं राहून जातं.

भाड्याची बोट ताब्यात घेताना तुम्हाला ही रेघ कोणी नीट दाखवली होती का?