व्हीलचेअरवरून रणजी: मनमाड ते गोल्फ क्लब

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर होता. मी व्हीलचेअरवर आणि सोबतीला भाचा. मनमाडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली. दिव्यांगांचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो. कुठल्या टोकाला ते आधीच विचारून तिथे थांबा, गाडी लागल्यावर गर्दीतून खुर्ची पळवता येत नाही. सवलतीच्या तिकिटावर सोबत्यालाही तेवढीच सूट मिळते, सेकंड क्लासला ७५ टक्के.

नाशिकरोडहून मैदान नऊ-दहा किलोमीटर. रिक्षावाल्याला भाडं नंतर विचारा, आधी खुर्ची दाखवा. पहिल्याने ती पाहून मान वळवली. दुसऱ्याने स्वतः उतरून पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या, खुर्ची घडी करून आत सरकवली. मग एकाच माणसाची जागा उरते, भाचा ड्रायव्हरशेजारी चिकटून. वाटेतल्या द्वारका चौकातली गर्दी धरून पाऊण तास ठेवा.

खरी परीक्षा शेवटच्या दोन-तीनशे मीटरांत. बंदोबस्तामुळे रिक्षा अलीकडेच थांबली. पुढे बॅरिकेड, त्यातली फट दुचाकी शिरू नये एवढी अरुंद, म्हणजे मीही नाही. बंदोबस्तावरचा एकजण चांगल्या मनाने म्हणाला, "काका, चौघं मिळून उचलून नेऊ का?" भाचा पुढे होणार तेवढ्यात मी म्हटलं, थांब. मी पोतं नाही. आणि उचलताना खुर्ची निसटली तर माझंच कंबरडं मोडेल. "एक बॅरिकेड सरकवा, बस." सरकवलं. अर्धं मिनिट लागलं.

आत एका पायरीवर लोखंडी पत्रा टाकला होता. उताराचं प्रमाण १:१२ हवं, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. इथे जेमतेम तीन फूट. असा उतार उतरताना खुर्ची उलटी घ्या, सोबत्याने मागून धरून. सरळ उतरलात तर तोंडावर आपटाल.

पॅरिसमध्ये २०२४ च्या पॅरालिम्पिकच्या वेळी मेट्रोची १४ नंबरची एकच लाइन पूर्ण पायरीमुक्त होती, म्हणून व्हीलचेअर चढेल अशा हजारभर टॅक्सी उभ्या केल्या. एवढं आपल्याकडे मागत नाही. पण गेटजवळ दिव्यांगांची गाडी थांबायला चुन्याची एक रेघ ओढायला किती खर्च येतो?

शौचालय आत शिरल्याशिरल्या पाहून ठेवा. माझी खुर्ची दारात अडकली, तेव्हापासून चहा बंद. मिसळही हुकली, ज्या हॉटेलवर मन होतं तिथे चार पायऱ्या.

खेळ साडेचारला संपतो. आम्ही सकाळच्याच रिक्षावाल्याचा नंबर घेतला होता, त्याला चारला बोलावलं. गर्दी सुटल्यावर खुर्ची दिसत नाही, नुसते गुडघे दिसतात. रिक्षा सुरू होताना मागे मोठा आरडाओरडा झाला.

"मामा, विकेट पडली बहुतेक."

"कोणाची?"

त्याने मोबाइल काढला, पण चार्जिंग संपलं होतं.