तलावाचा रिपोर्ट दुपारचा, मासे मेले पहाटे

ठाण्यातल्या कुठल्याही हिरव्यागार तलावाचं पाणी दुपारी बारा वाजता तपासा, ऑक्सिजन झकासच येणार. ३० डिग्रीच्या पाण्यात हवेतून विरघळून विरघळून लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, पण शेवाळ माजलेल्या तलावात कडक उन्हात मी १२ सुद्धा बघितलाय, कारण तेव्हा शेवाळ स्वतःच ऑक्सिजन सोडत असतं. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे, तळातला गाळ आणि त्यातले बॅक्टेरिया सगळे मिळून तो संपवायला लागतात आणि सगळ्यात वाईट वेळ असते पहाटे चार ते सहा. त्या वेळी सॅम्पल घ्यायला कोण जातं सांगा, ऑफिस तर दहाला उघडतं!

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतंच, पण जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या त्या सकाळी ते डोळ्यासमोर घडलं. मी झूलॉजीवाली, आमची लॅब ठाण्यातल्या काही तलावांचं पाणी आणि त्यातली जीवसृष्टी बघते. तलावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तलावपाळी किंवा उपवनएवढा फेमस नाही, चहूबाजूंनी बिल्डिंगा असलेला लहानसा आहे, मध्ये कारंजं, कडेने जॉगिंग ट्रॅक. आधीचे तीन-चार दिवस नुसतं ढगाळ, ना पाऊस ना वारा, अंगाला चिकचिक. पाणी तर कुणी हिरवा ऑइलपेंट ओतल्यासारखं दिसत होतं. मायक्रोसिस्टिस, म्हणजे निळं-हिरवं शेवाळ, याच्या पेशींत हवेचे बारीक फुगे असतात म्हणून ते वर तरंगून साय धरतं.

वॉचमन काकांचा फोन आला, "मॅडम लवकर या, सगळे मासे वर आलेत." पोचले तोवर नीट उजाडलं नव्हतं तरी गर्दी होती आणि गर्दीचा निकाल लागलेला होता की कुणीतरी विष घातलं. कुणी म्हणे मासेमारीच्या ठेक्याच्या भांडणातून, कुणी म्हणे रात्री टँकर आला होता, सोसायट्यांच्या व्हॉट्सअपवर "विषप्रयोग" लिहून फोटोसुद्धा फिरायला लागलेले.

मी आधी मेलेल्या माशांकडे बघितलंच नाही, जिवंत कोण आहे ते बघितलं. मेलेले जवळपास सगळे कटला, तेही मोठे, दोन-तीन किलोचे, तोंड उघडं आणि कल्ले फाकलेले. रोहू थोडे. तिलापिया मात्र जिवंत, हजारोंनी वर येऊन तोंड पाण्याच्या रेषेला लावून गपागप करत होते (हा मासा भारतात १९५२ ला आणला, तेव्हापासून काही केल्या हटत नाही, चिवटपणात त्याचा हात कोणी धरणार नाही). पायऱ्यांपाशी एक मरळ निवांत, तिला काय फरक पडतो, ती थेट हवेतून श्वास घेते. आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाटाच्या भिंतीला, अगदी पाण्याच्या कडेशी, बारीक कोळंबी चिकटून बसलेली, हात लावला की टुणकन उडत होती. कीटकनाशक पडलं असतं तर पहिला बळी कोळंबीचाच गेला असता, माशांच्या कितीतरी आधी. इथे मोठे मासे मेलेले, हवा घेणारे मजेत आणि कोळंबी पाण्याबाहेर पडायच्या धडपडीत. मामला विषाचा नव्हता, श्वासाचा होता.

पण हे गर्दीला तोंडी सांगून पटत नाही. ऑक्सिजन मोजायचं मीटर दाखवलं तर एक आजोबा म्हणाले मशीन काय, काहीही दाखवेल! म्हणून मग तिथेच बाकावर विंकलर मेथड केली, म्हणजे रसायनं घालून पाण्यातला ऑक्सिजन मोजायची पद्धत, १८८८ सालची आहे पण आजही मला मीटरपेक्षा तिच्यावर भरवसा जास्त. बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली आयोडाइड, बूच लावून खालीवर करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. वरच्या पाण्याच्या बाटलीत जेमतेम मळकट पिवळसर रंग आला, नंतर लॅबमध्ये टायट्रेशन करून (थेंबाथेंबाने रसायन घालून) मोजला तर ऑक्सिजन लिटरला एक मिलिग्रॅमच्याही खाली भरला. तळाजवळच्या पाण्याच्या बाटलीत पांढराशुभ्र साका. मी इतकी खूश झाले आणि मागून आवाज आला, "बघा, पांढरं पांढरं आलं, विषच आहे!" आता काय बोलणार. शेजारच्या नळाचं पाणी दुसऱ्या बाटलीत भरून तसंच करून दाखवलं, ते छान तपकिरी झालं, तेव्हा कुठे दोन-चार जण गप्प बसले. एक ताई तर म्हणाल्या माझ्या फिश टँकचं पण करून द्या.

खरी गंमत दुपारी झाली. ढग फाटले, चटका लागला, आणि साडेबाराला अधिकृत सॅम्पल घ्यायला माणूस आला. त्याच्या मीटरवर ७.४. त्याचं मीटर बरोबरच होतं, माझ्याही मीटरवर तेवढंच होतं. पण झालं असं की "ऑक्सिजन तर ठीक आहे" म्हटल्यावर विषवाल्यांना परत जोर आला, की बघा, पाण्यात ऑक्सिजन आहे, मग मासे मेले कशाने? सहा तासांत शेवाळाने उन्हात ऑक्सिजन भरून काढला होता, एवढंच. ते ढगाळ दिवस मात्र रोज कमाई कमी आणि रात्रीचा खर्च तेवढाच असे गेले, त्यात शेवाळही मरून कुजायला लागलं, आणि शेवटच्या रात्री खातं रिकामं.

मधल्या वेळात आणखी एक डोकेदुखी, काही जण मेलेले कटला पिशव्यांत भरून न्यायला लागले, ताजे आहेत म्हणून. हे शेवाळ यकृताला घातक विष बनवू शकतं, ते माशाच्या आतड्यात, यकृतात साठतं, तेव्हा खाऊ नका म्हणून मी घसा बसेपर्यंत ओरडले. "मघाशी तर म्हणालात विष नाही!" असं एकाने बरोब्बर पकडलं. बरोबर होतं त्याचं, पण हे दोन वेगळे विषय आहेत हे पिशवी हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला कसं समजवायचं?

मग मीटिंग. सूचना नेहमीच्याच, पावडर टाका, बॅक्टेरियाचं कल्चर टाका, नवीन मासे सोडा. शेवाळ मारायचं औषध आत्ता टाकलं असतं तर सगळं शेवाळ एकदम कुजून उरलेले मासेही गेले असते. आणि मासे सोडायचं म्हणाल तर कटला वरच्या थरातले बारीक प्राणी खातो, तेच बारीक प्राणी शेवाळ खातात. आमच्या जाळीत डॅफ्निया, म्हणजे असाच एक शेवाळ खाणारा बारीक प्राणी, तर शोधूनही सापडत नव्हता, तिलापियाने आणि कटल्याने मिळून फडशा पाडलेला. त्यात रोज सकाळी लोक पुण्य म्हणून पाव आणि कणकेचे गोळे टाकतात ते वेगळंच खत. मी म्हटलं तिलापिया जाळं टाकून काढा, कटला वर्षभर सोडू नका, कडेच्या वनस्पती साफसफाईच्या नावाखाली सगळ्या उपटू नका. यातलं जाळं मान्य झालं, बाकीचं "बघू".

पण एक गोष्ट फुकटात होण्यासारखी होती. कारंजं रोज संध्याकाळी ७ ते साडेनऊ चालायचं, रंगीत लाइट लावून, म्हणजे पाण्यात दिवसभराचा ऑक्सिजन भरलेला असतो त्या वेळी! आणि रात्री बंद. मी विचारलं, हे पहाटे २ ते ७ चालवता येईल का, म्हणजे ऑक्सिजन संपत येतो तेव्हाच पाण्यात हवा मिसळेल? इलेक्ट्रिशियनने टायमर लावायला अर्धा तास घेतला, परवानगीला मात्र बरेच दिवस गेले, तोवर काका स्वतः अलार्म लावून उठून पहाटे स्विच टाकायचे. पंपाचा पाइप तळापासून वर घ्यायला लावला, नाहीतर खालचं काळं घाण पाणी वर आलं असतं आणि होतं नव्हतं ते सगळं गेलं असतं.

त्या पावसाळ्यात ढगाळ आठवडे बरेच आले, मासे वर आले नाहीत. समोरच्या बिल्डिंगमधून मात्र तक्रार गेली की रात्री दोन वाजता कारंजं कोणासाठी चालू असतं, झोपमोड होते. आता ते साडेतीनला चालू करतात. आणि त्या सरकारी सॅम्पलच्या फॉर्मवर अजूनही तारखेचा रकाना आहे, वेळेचा नाही, मी माझ्या कॉपीवर पेनाने लिहिते, पुढे ऊन की ढग तेही, टाइप करणारा मुलगा ते गाळतो, मी परत लिहिते.