तुम्ही विचारलंत म्हणून: दगडांत शिकण्यासारखं काय असतं?

पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातून एम.एस्सी. केली असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "दगडांत दोन वर्षं शिकायचं तरी काय?" मुलांच्या प्रवेशाच्या काळजीत असलेले आईवडील तर अगदी मनापासून विचारतात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भूभाग बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर साचत गेले. वरवर पाहिलं तर सगळा काळा कातळच. त्या काळ्यात काय दडलंय, ते बघायला विभाग शिकवतो.

खडकाचा तुकडा कापायचा, काचेवर चिकटवायचा आणि कार्बोरंडम या अतिशय कठीण पदार्थाच्या भुकटीत पाणी घालून घासत बसायचं, जाडी ०.०३ मिलिमीटर उरेपर्यंत. ही जाडी मोजपट्टीने कळत नाही. मधूनमधून स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात (एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशात) धरून प्लॅजिओक्लेज या खनिजाचा रंग बघायचा. पिवळसर दिसलं तर अजून घासायचं, राखाडी-पांढरं दिसलं की थांबायचं. तिथे हात आवरला नाही तर काचेवर खडकच उरत नाही. नीट जमलेली स्लाइड ध्रुवित प्रकाशात फिरवली की प्लॅजिओक्लेजचे काळे-पांढरे पट्टे आळीपाळीने उजळतात आणि मधूनच ऑजाइट हे दुसरं खनिज निळं, केशरी झळकतं. आमच्या बॅचमधलं कुणीही पहिल्यांदा ते बघून गप्प राहिलं नाही!

पण खरं शिक्षण घाटात. एका थरातला खडक घट्ट, दुसऱ्यातला वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या पडलेला, त्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक. दोन थरांच्या मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा. आमच्या सरांचा दंडक होता, आधी दिसलं ते वहीत लिहा, नाव नंतर द्या.

याचा उपयोग काय, असंही विचारता. शेजारच्या विहिरीला पाणी आणि आपली कोरडी, हे गावोगाव घडतं. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात राहतं. पोकळ्या झिओलाइटने बुजल्या असतील तर तिथेही फारसं नाही. लाल मातीचा थर पाणी खाली झिरपू देत नाही. बोअरवर लाखभर रुपये घालण्याआधी हे वाचणारं माणूस गावात हवं, असं मला फार तळमळीने वाटतं.

नोकऱ्या भूजल, खाणी, बोगदे, धरणं अशा कामांत आहेत, पण त्या प्रत्येकाला आपापल्या शोधाव्या लागतात.

मुलीला पाठवायचं ठरवलंत तर आधी विभागात जाऊन या. इमारत बघू नका. स्लाइड विद्यार्थी स्वतः घासतात का आणि वर्षातून किती दिवस फील्डवर नेतात, एवढं विचारा. मुलीसाठी घाटात टिकतील असे बूट मात्र आत्ताच घेऊन ठेवा.