पाँटून बोटीला ट्रेलर हवा का? कोल्हापूरच्या पाण्यावरचा हिशेब

पाँटून बोट म्हणजे दोन लांब पोकळ नळ्यांवर, म्हणजे फ्लोटवर, सपाट डेक बसवलेली बोट. ती घेणाऱ्याचा पहिला प्रश्न इंजिनाचा असतो आणि दुसरा ट्रेलरचा. कोल्हापूर भागात या दुसऱ्या प्रश्नाचं आमचं उत्तर सरळ आहे. बोट एकाच पाण्यावर राहणार असेल तर रस्त्यावर चालणारा ट्रेलर घेऊ नका. काठापुरती एक ट्रॉली करून घ्या आणि बोट दुसरीकडे न्यायची वेळ आलीच तर हायड्रा (चाकांवरची क्रेन) आणि ट्रक भाड्यानं बोलवा. ट्रेलर लागतो तो पाणी बदलणाऱ्याला: आज काळम्मावाडी धरण, पुढच्या महिन्यात कोकणातली कर्लीची खाडी, असा ज्याचा बेत असतो त्याला.

ठरवण्याआधी एक गोष्ट कागदावर मांडा. बोट वर्षातून किती वेळा पाण्याबाहेर येणार, आणि कशासाठी?

इंजिनाच्या सर्व्हिसिंगसाठी सहसा यावी लागत नाही. ६० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, साधारण ११० ते १२० किलोचं असतं. काठावर तिकाटणं उभं करून चेन कप्पीनं ते एकटं उतरवता येतं. पंचगंगेत जलपर्णी इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या जाळीत अडकते, तेव्हाही इंजिन वर उचलून हातानं साफ केलं की काम होतं. फ्लोटवरचं शेवाळ मात्र पाण्यात राहून नीट निघत नाही. पाणरेषेवर हाताच्या बोटाएवढा जाड थर साचला की बोटीचा वेग घटतो आणि पेट्रोल जास्त जातं, त्यामुळे वर्षातून एकदा फ्लोट कोरडे करून खरवडणं बरं. फ्लोट गळत असेल तर बोट काढावीच लागते. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे पावसाळा.

नदीवरच्या बोटीचं वेळापत्रक कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ठरवतात. बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या) घातलेले असतात तोवर दोन बंधाऱ्यांच्या मधलं पाणी भरलेलं आणि संथ असतं, बोट काढायला काठ जवळ असतो. पावसाळ्याआधी बरगे काढले की पाणी झपाट्यानं खाली जातं. मग बोट तळाच्या गाळात टेकते आणि तिच्या व काठाच्या मध्ये चिखलाचा तीव्र चढ उरतो. म्हणून बोट बरगे निघण्याआधी काढायची. ठेवायची कुठे, हेही आधीच ठरवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी धोका पातळीच्या १० फुटांहून जास्त वर गेलं. नेहमीच्या पुराच्या खुणेवर ठेवलेली बोट सुरक्षित समजू नका. २०१९ ची खूण शोधा आणि तिच्या वर जागा बघा.

धरणातलं गणित उलटं असतं. तिथे पावसाळ्यात पाणी चढतं आणि उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं. राधानगरी ८.३६ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), काळम्मावाडी २५.३९ टीएमसीचं. एवढं पाणी उतरतं तेव्हा सपाट भागात काठ शेकडो फूट मागे सरकतो. ऑक्टोबरमध्ये जिथून बोट सोडली ती जागा एप्रिलमध्ये कोरडी, भेगाळलेली असते. म्हणजे कायमचा रॅम्प बांधून फारसा उपयोग नाही, आणि महामार्गासाठी केलेला ट्रेलर त्या गाळात एक्सलपर्यंत रुततो. जुलैमध्ये पाणी चढताना नांगराचा दोर आखूड राहिला तर बोटीचं नाक खाली ओढलं जातं, शिवाय वरून झाडांचे ओंडके वाहत येतात. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात. तिथे पावसाळ्यात धरणाच्या भिंतीच्या बाजूला बोट ठेवणं हा वेडेपणा आहे.

आता ट्रॉली. आमच्या मते पैसे इथेच घालावेत, कारण कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर ती करू शकतो आणि ओढायला गावात ट्रॅक्टर असतोच.

वीस फुटी बोट धरू. सांगाडा, डेक आणि रेलिंग मिळून ७५० किलो, इंजिन ११५, बॅटरी २५, ६० लिटर पेट्रोल ४५, नांगर-दोर-लाइफ जॅकेट-आइस बॉक्स ६५. झाले १,००० किलो. ट्रॉली मात्र १,५०० किलोच्या हिशेबानं करा, कारण गळका फ्लोट. २५ इंच व्यासाच्या, २० फूट लांब फ्लोटमध्ये सुमारे १,९०० लिटर जागा असते. आत तीन कप्पे असतील तर एक कप्पा भरला तरी ६०० किलो वाढले, आणि हे वजन वरून बघून कळत नाही. बोट एका बाजूला दोन-तीन इंच झुकलेली दिसली तर ओढण्याआधी ते पाणी पंपानं काढा.

चेसिससाठी १०० × ५० मिलिमीटरचा सी-चॅनेल पुरतो. एक्सल मधोमध नको, मध्याच्या थोडा मागे हवा, कारण इंजिनाचं वजन मागे असतं आणि एक्सल पुढे राहिला तर बोट चढताना ट्रॉलीचं पुढचं टोक वर उचलतं. चाकं रुंद टायरची घ्या, अरुंद टायर गाळ कापत खाली जातो. बोट ज्यावर टेकते त्या लाकडी पट्ट्या फ्लोटच्या लांबीच्या दिशेनं बसवायच्या, प्रत्येक फ्लोटखाली दोन, १४ ते १६ फूट लांब. अ‍ॅल्युमिनियम फ्लोटच्या तळाशी मधोमध एक पट्टी जोडलेली असते. ती दोन लाकडांच्या मधल्या फटीत यावी आणि भार पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या गोलाईवर पडावा. आडव्या अँगलवर फ्लोट टेकवले तर सगळा भार दोन-चार जागी येतो, पत्र्याला पोचे पडतात आणि पुढे तिथल्याच वेल्डिंगला चीर जाते. प्लायवूड वापरू नका, दोन पावसाळ्यांत फुगतं. चांगलं वाळलेलं टणक लाकूड घ्या, त्यावर जुन्या कन्व्हेयर बेल्टची पट्टी लावा आणि स्टेनलेसचे स्क्रू वरून न मारता बाजूनं मारा. वरून मारलेल्या स्क्रूचं डोकं बेल्ट झिजल्यावर उघडं पडतं आणि फ्लोटवर ओरखडा काढतं.

मागच्या दोन कोपऱ्यांना पाच-पाच फुटी पाइप उभे करा. ट्रॉली पाण्यात बुडाली की तेवढेच दिसतात, त्यांच्या मधून बोट आत घ्यायची.

दोर किती लांब हवा, हे काठाच्या उतारावर आहे. पाँटून साधारण फूटभर पाण्यात बसते आणि ट्रॉलीच्या पट्ट्या जमिनीपासून दीड फूट उंच धरल्या, तर ट्रॉलीच्या मागच्या टोकाशी तीन फूट पाणी हवं. आठ फुटाला एक फूट उताराच्या काठावर ते टोक पाण्याच्या कडेपासून २४ फूट आत जातं. धरणाच्या सपाट काठावर वीस फुटाला एक फूट असेल तर ६० फूट आत. ट्रॅक्टर कोरड्या, टणक जमिनीवरच राहिला पाहिजे, म्हणून १०० ते १५० फूट वायर रोप जवळ ठेवा. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटला तर टोक चाबकासारखं परत येतं. ओढताना दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. ट्रॉली थांबली की आधी चाकांना उटी (अडसर) लावायची, मग दोर सैल करायचा.

हायड्रानं उचलायची असेल तर दोन बेल्ट आणि बोटीच्या रुंदीपेक्षा थोडी लांब, म्हणजे नऊ फुटी आडवी बार लागते. बारशिवाय बेल्ट हुकाकडे तिरके जातात, डेकच्या कडा आत दाबतात आणि रेलिंग वाकतं. रेलिंगला किंवा छताच्या पाइपला हुक कधीच नाही. छत आधी खाली घ्या. बेल्ट डेकखालच्या आडव्या चॅनेलच्या जागी घाला आणि मागचा बेल्ट इंजिनाच्या जरा जवळ ठेवा. सहा इंच उचलून थांबा, बोट पुढे-मागे समतल आहे का बघा, नसेल तर उतरवून बेल्ट सरकवा. दोन टोकांना दोर बांधून दोन माणसं धरून ठेवा, वाऱ्यात पाँटून गरगर फिरते. १४ टनी हायड्रा १४ टन उचलते ती बूम (क्रेनचा हात) जवळ असताना. बूम लांब करून पाण्याकडे झुकवली की क्षमता फार कमी होते, म्हणून ऑपरेटरला वजन आणि अंतर दोन्ही आधी सांगा. काठावर शेतीपंपांच्या विजेच्या तारा असतात. बूम उभी करण्याआधी मान वर करून बघा, आणि तार जवळ असेल तर जागा बदला.

ट्रकमध्ये ठेवताना अडचण येते ती रुंदीची. साडेआठ फुटी बोट फाळक्यांच्या हौद्यात बसत नाही. फाळके नसलेली सपाट गाडी सांगा आणि फ्लोटखाली लांबीच्या दिशेनं लाकडं घाला.

मग ट्रेलर कुणी घ्यावा? ज्याची बोट दर महिन्या-दोन महिन्यांनी पाणी बदलते, जो घरी बंद शेडमध्ये बोट ठेवतो, किंवा ज्याला बोट रात्रीपुरतीही पाण्यावर सोडता येत नाही, त्यानं. घ्यायचाच तर आधी गाडी बघा. वरची १,००० किलोची बोट आणि ४५० किलोचा ट्रेलर मिळून १,४५० किलो होतात. त्यातला ७ ते १० टक्के भार, म्हणजे १०० ते १४५ किलो, गाडीच्या हुकावर यायला हवा. कमी आला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो, जास्त आला तर गाडीची पुढची चाकं हलकी होतात. गाडीची ओढण्याची क्षमता कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्या, इंजिनाच्या ताकदीवरून अंदाज बांधू नका. एवढ्या वजनाला ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक हवेतच. फोंडा किंवा आंबा घाट उतरताना बिनब्रेकचा दीड टन मागून ढकलत असतो.

रुंदीचा नियमही लक्षात घ्या. रस्त्यावर २.६ मीटरची मर्यादा आहे आणि साडेआठ फूट म्हणजे २.५९ मीटर. बाजूला बांधलेले फेंडर (धक्का झेलणाऱ्या गाद्या) काढल्याशिवाय बोट त्यात बसत नाही. लांबी हुकापासून इंजिनापर्यंत २६-२७ फूट होते, त्यात गाडीची भर. ऊस हंगामात राधानगरी रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरला या लांबीनं ओलांडणं अवघड आहे, आणि रात्री तर टाळाच.

दोन फ्लोटच्या मधून शिरणारे, कात्रीसारखे उचलणारे ट्रेलर मिळतात. ते उथळ पाण्यात चांगले, पण चाकं जवळजवळ असल्यानं आडव्या वाऱ्यात आणि घाटाच्या वळणांवर डोलतात. घाटासाठी रुंद चाकांचा, लाकडी पट्ट्यांचा, दोन एक्सलचा ट्रेलर घ्या. खाडीत जाणार असाल तर तो गॅल्व्हनाइज्डच हवा, आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर चेसिसच्या आतही गोडं पाणी मारायचं.

कागदपत्रं आधी, ऑर्डर नंतर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते. मान्यताप्राप्त डिझाइनचं प्रमाणपत्र नसलेला ट्रेलर कितीही मजबूत असला तरी आरटीओत अडतो, त्यामुळे उद्यमनगरातून ट्रॉली करून घ्या, पण रस्त्यावरचा ट्रेलर प्रमाणपत्रासहच घ्या. बोटीची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली वेगळी. धरणात बोट घालायला जलसंपदा विभागाची आणि अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाची परवानगी आधी विचारून घ्या.

वापरलेला ट्रेलर मिळत असेल तर रंगावर जाऊ नका. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३२१ असेल तर तो २०२१ च्या २३व्या आठवड्यातला आहे. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयानं तडकतात, पाच-सहा वर्षांपलीकडचे बदलायचेच. मग एक चाक जॅकवर उचला, हातानं फिरवून खरखर ऐका आणि हबची (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाची) टोपी काढून ग्रीस बघा. लांबून आलेला गरम हब तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि पाणी सीलमधून आत खेचलं जातं, म्हणून बोट उतरवण्याआधी अर्धा तास थांबायचं असतं आणि दिव्यांचा प्लगही काढायचा असतो. ज्यानं हे पाळलं नाही त्याच्या हबमधलं ग्रीस पांढुरकं, दुधाळ निघतं. तसं दिसलं तर सगळ्या चाकांचे बेअरिंग आणि सील बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणं सुरू करा.