आमची वाटचाल : रिकामा क्रेट आणि कोल्हापूरचा टेम्पो

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बाबांनी जुन्या लेथवर जॉबवर्क सुरू केलं, तेव्हा एकच हिशेब असायचा : मशीन थांबता कामा नये. ऑर्डर असो-नसो, पार्ट काढून रॅकवर रचायचे. आज आमच्याकडे संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं आहेत, हायड्रॉलिक पंप-व्हॉल्व्हचे सुटे भाग होतात. हिशेब मात्र उलटा झालाय.

बेळगावचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, रॅकवरचं बिडाचं कास्टिंग जूनमध्येच तांबडं पडायला लागतं. मग तेल लावा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, पाठवताना पुन्हा धुवा. कुणी मागितलेलाच नाही अशा मालासाठी एवढं तेल नि एवढा कचरा! टोयोटाच्या ताइइची ओहनोंनी नासाडीचे सात प्रकार सांगितले, त्यात गरजेपेक्षा जास्त उत्पादन सगळ्यात वाईट मानलं. बाकीची नासाडी त्याच्याच मागून येते. म्हणून आम्ही 'लीन'ची, म्हणजे नासाडी कमी करत काम करण्याच्या पद्धतीची, सुरुवात तिथून केली. पुढच्या खात्यानं रिकामा क्रेट पाठवला तरच पार्ट काढायचा. पाट्या मराठीत आणि कन्नडमध्येही लावल्या, कारण एका मशीनवर येळ्ळूरचा गडी, तर शेजारी बैलहोंगलचा.

बरीतलं (कापलेल्या धातूच्या भुशातलं) कूलंट, म्हणजे मशीन थंड ठेवणारं पाणी-तेल, जाळीवर निथळून, गाळून पुन्हा टाकीत जातं. रविवारी शॉप शांत असताना कंप्रेसर सुरू करून हवेची गळती कानानं शोधतो. हवेचा दाब एक बारनं (बार हे दाबाचं माप) कमी केला की कंप्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते. ही कामं बिनखर्ची, म्हणून आधी केली.

पण लीनमधलं सगळंच उचललं नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका गिऱ्हाइकाला लीनच्याच रीतीनं रोज थोडा-थोडा माल हवा होता. कोल्हापूर इथून सुमारे ११० किलोमीटर. अर्धा रिकामा टेम्पो रोज पळवायचा? त्यांचा साठा कागदावर कमी दिसणार आणि डिझेल आमचं जळणार. आम्ही सरळ सांगितलं, आठवड्यातून दोन खेपा, शेजारच्या शॉपचा माल सोबत घेऊन, येताना रिकामे क्रेट भरून. थोडी कुरकुर झाली, पण मान्य झालं.

केंद्राच्या लघुउद्योगांसाठीच्या लीन योजनेत (मार्च २०२३) सल्लागाराचा ९० टक्के खर्च सरकार उचलतं. त्यासाठी कागदपत्रं जमवतोय. दरम्यान टेम्पोत तिसरा शेजारी येतो म्हणतोय. भाडं वजनावर वाटायचं की क्रेटवर, यावर अजून वाद चालू आहे.