पिकअपला पुढूनही हुक

जनरेटरची ट्रॉली ओढून नेणं सोपं, ती जागेवर लावणं कठीण. लॉनवाले जनरेटरला नेहमी सगळ्यात अडचणीचा कोपरा देतात. स्वयंपाकघराच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून. आवाज आणि धूर पाहुण्यांपर्यंत जाऊ नये म्हणून देतात, ते बरोबरच आहे. नागपुरातल्या महाल-इतवारीच्या गल्ल्यांत तर दोन्ही बाजूंना हातभर जागा मिळाली तरी खूप झालं. अशा ठिकाणी रिव्हर्स घ्यायची आमच्या धंद्यात एकच रीत आहे: एक पोरगा ट्रॉली आणि भिंतीच्या मध्ये उभा राहतो आणि "येऊ द्या, येऊ द्या" ओरडतो. ड्रायव्हरला तो आरशात दिसत नाही. २५ केव्हीएचा सायलेंट सेट, म्हणजे आवाज दाबणाऱ्या पेटीतला जनरेटर, ट्रॉलीसकट टनावर जातो. मला ही रीत कधी पटली नाही. पिकअपला पुढून हुक बसवला तो यासाठी.

काम वाडीला करून घेतलं, अमरावती रोडवर ट्रकबॉडीची कामं चालतात तिथे. मिस्त्रीने पहिल्यांदा ऐकल्यावर विचारलं, "काहून भाऊ, गाडी उलटी ओढून राहिले का?" मी म्हटलं, "ओढायची नाही काका, ढकलायची आहे." मग त्याने खडूने फरशीवर चित्र काढलं आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघं त्या चित्राजवळ बसलो होतो.

चेसिसला वेल्डिंग करायचं नाही, ही माझी एकच अट होती. वेल्डिंगच्या उष्णतेने शिवणीच्या बाजूचं लोखंड बदलतं, आणि पुढे भेग पडते ती तिथूनच. चेसिसच्या डाव्या-उजव्या दोन्ही पट्ट्यांच्या पुढच्या टोकांना टो-हुकसाठी कंपनीचीच भोकं होती, त्यांतच ८ मिलिमीटरच्या प्लेटा बोल्टने बसवल्या. बोल्ट एम-१२ (१२ मिलिमीटरचे), डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा दर्जा कोरलेले, सोबत नायलॉक (सहज ढिले न होणारे) नट. चेसिस पोकळ आहे तिथे आत नळीचा तुकडा घातला, नाहीतर बोल्ट आवळताना पत्रा आत दबतो. आवळायला टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) वापरला, ८० न्यूटन-मीटरच्या आसपास. पहिलं काम झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासले.

दोन प्लेटांच्या मध्ये आडवा चौकोनी पाइप आणि त्याच्या मधोमध रिसीव्हर, म्हणजे ट्रॉली अडकवायच्या बॉलची दांडी जिच्यात सरकवायची ती पोकळ नळी. रिसीव्हरला ६० बाय ६० चा, ५ मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला. हिशेबाने आत ५० उरतात, पण बाजारातल्या पाइपाला आतून वेल्डची उभी शिवण असते आणि ५० ची दांडी तिथे अडते. मिस्त्रीने लांब कानस घेतली आणि ती शिवण हाताने घासून काढली. मध्येच दांडी घालून पाहायचा, बाहेर काढायचा, चमकलेल्या जागेवर बोट फिरवायचा, पुन्हा घासायचा. शेवटी दांडी थोडं ग्रीस लावल्यावर सरळ आत गेली आणि तिला डगडग अजिबात नव्हती. असं काम करणारा माणूस मिळणं भाग्याचं आहे.

रिसीव्हर बंपरच्या बाहेर येऊ दिला नाही. नंबरप्लेट पूर्ण दिसते, रेडिएटरसमोरची जाळी मोकळी आहे; आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा इंजिनची हवा अडवणं परवडत नाही. बॉलची दांडी काम झालं की काढून केबिनमध्ये. समोरच्या बुलबारवर (बंपरपुढे लावतात त्या लोखंडी चौकटीवर) केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बंदी आणली ती पायी चालणाऱ्यांना मार लागतो म्हणून, आणि ती मला मान्य आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही, तेव्हा तुम्ही बसवणार असाल तर आधी आरटीओत विचारा. पुढे एअरबॅगचे सेन्सर असतील तर कंपनीलाही विचारा.

रस्त्यावर ट्रॉली मागेच ओढायची. जागेवर पोचलो की चाकांना ओट (चाक सरकू नये म्हणून ठोकळे) लावायचे, ट्रॉलीचं पुढचं छोटं चाक खाली करायचं, हुक सोडायचा, पिकअप वळवून समोरून जोडायची, ओट काढायचे. वळवायला जागा लागते, ती बाहेर रस्त्यावरच शोधावी लागते. मग पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने पुढे.

ज्याला ट्रॉली रिव्हर्समध्ये घेता येते त्याला नवीन काही शिकावं लागत नाही. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉलीचं दूरचं टोक डावीकडे जातं, दोन्हीकडे नियम तोच. फरक असा की पुढचा हुक वळणाऱ्या चाकांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे ट्रॉली लगेच ऐकते. स्टिअरिंग थोडंसंच हलवायचं. आणि मान मोडून मागे पाहायचं नाही, ट्रॉलीच्या दोन्ही कडा आणि भिंती डोळ्यांसमोर असतात. सेटची कॅनोपी, म्हणजे ती पेटी, उंच असल्यामुळे थेट पलीकडचं दिसत नाही, म्हणून पोरगा लागतोच. पण तो आता ट्रॉलीच्या रेषेबाहेर, माझ्या उजव्या बाजूला, मला दिसेल असा उभा राहतो. तो दिसला नाही की ब्रेक, हे आमचं ठरलेलं आहे.

पावसाळ्यात याच रिसीव्हरचा दुसरा उपयोग होतो. हिंगणा, बेसा भागातली बरीच लॉनं शेताच्या काळ्या मातीवर आहेत. कॅटरिंगवाल्याचा टेम्पो रुतला की मी समोरून पट्टा लावून रिव्हर्समध्ये ओढतो. पुढून ओढताना पिकअपची मागची चाकं हलकी होऊन जागेवरच फिरतात, म्हणून आधी केबलचे ड्रम मागच्या हौद्यात अगदी शेवटी सरकवतो. पट्टा बॉलला कधीच अडकवत नाही. झटक्याने बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो आणि माणूस जातो. दांडीऐवजी शॅकलचा (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्याचा) तुकडा रिसीव्हरमध्ये घालून पिन लावायची, पट्टा हळूहळू ताणायचा आणि आजूबाजूच्या सगळ्यांना पट्ट्याच्या लांबीपेक्षा लांब पाठवायचं. टेम्पोवाला कितीही घाई करो, लोक दूर गेल्याशिवाय मी क्लच सोडत नाही.